दिवाणखान्याचा चौथा पडदा

वहिनींच्या घरात शिरायचं तर आधी कापडाची परवानगी घ्यावी लागे. जिना चढून वर गेलं की एकच लांबट खोली. एका अंगाला शिवणयंत्रं, दुसऱ्या अंगाला कापडांचे गठ्ठे, आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेवरही बहुतेक वेळा कुणाच्यातरी बैठकीचा पडदा अंग टाकून पडलेला असे. चहा आणणारा माणूस कप डोक्याच्या वर धरून यायचा. कापडावर थेंब पडलाच तर वहिनी बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. त्या बघण्यानेच चहा गार व्हायचा.

तशा त्या एकाच माणसाच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या नणंदेच्या. पण नणंदबाईंचा आवाज असा खणखणीत की "वहिनीऽ, कात्री कुठंय?" ही हाक खाली घड्याळजीच्या दुकानात घड्याळांच्या टिकटिकीवर मात करायची. ऐकून ऐकून घड्याळजी वहिनी म्हणू लागला, मग अख्खी गल्ली, मग गिऱ्हाईकं. एकदा एक निवृत्त न्यायाधीश, वयाने वहिनींच्या वडिलांएवढे, खिडकीचं माप घेऊन आले आणि दारातून त्यांनी अदबीने विचारलं, "वहिनी आहेत का?" आतून वन्सं ओरडल्या, "आहेत, पण पडद्याखाली आहेत, जरा थांबा!" आणि खरंच त्या पडद्याखाली होत्या, तोंडात टाचण्या धरून.

वन्सं म्हणजे त्याच नणंदबाई. घरात ही तीन माणसं. वहिनी कापायच्या, वन्सं शिवायच्या आणि वहिनींचे यजमान शिडीवर चढून पडदे टांगायचे. बहीण त्यांना दादा म्हणे, म्हणून सगळेच दादा म्हणत. दादांची एक गंमत होती. जमिनीवर असले की चार शब्दांत आटोपायचे, पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय पडला की जीभ सुटायची. एका घरी म्हणे पडदा लावून झाला तरी घरधन्याने त्यांना उतरू दिलं नाही. गोष्ट अर्धी राहिली होती. चहा वरच पोचवला.

वहिनी या धंद्यात आल्या त्या लग्न होऊन. माहेरी कुणी सुई धरलेली नव्हती. सासरे मात्र पडद्यांतले पक्के उस्ताद. वहिनी त्यांना मामंजी म्हणत. मामंजींनी नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात डोळे मिटायला लावले आणि हातात एकेक तुकडा दिला. हे काय? सुती. हे? रेशीम. हे? वहिनी म्हणाल्या, "हे मांजर." मामंजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. ती मखमल होती, पण दुकानातलं मांजर त्याच वेळी मांडीवर येऊन बसलं होतं आणि वहिनींचा हात चुकून त्याच्यावर गेला होता.

मामंजींनी लगेच त्याचाच धडा केला. "आता हात डोक्याकडून शेपटीकडे फिरव. गुळगुळीत लागतंय ना? आता शेपटीकडून डोक्याकडे." वहिनींनी फिरवला आणि मनगटावर बोचकारा घेतला. "ही लव," मामंजी म्हणाले. "मखमलीलाही असते. तिला वर आणि खाली असतं. पडदा टांगताना लव नेहमी खाली. म्हणजे धूळ टिकत नाही, हात फिरवला की गुळगुळीत लागतं आणि कापड उजेडात हसतं. आपल्या दुकानात लव कधी वर जाणार नाही." त्यानंतर कितीतरी वर्षं वहिनींनी मखमल कापली, पण लव खाली म्हणजे खाली. मामंजी गेले, मांजर गेलं, नियम राहिला.

त्याच पहिल्या वर्षी मामंजी त्यांना एकदा मोठ्या बंगल्यात घेऊन गेले होते. कुण्या एका काळच्या श्रीमंत घराण्याचा तो बंगला. तेव्हा मालकमंडळी राहत होती, पुढे त्याचं संग्रहालय झालं. एका पडद्याची झालर उसवली होती, ती लावायची होती. वहिनी मापाची फीत धरून मामंजींच्या मागोमाग दिवाणखान्यात शिरल्या आणि दारातच थबकल्या. खिडक्या कसल्या त्या, दारंच! एकेक खिडकी माणसावर माणूस उभा केला तरी पुरून उरेल. प्रत्येकीला दोन्ही अंगांनी डाळिंबी मखमलीचे पडदे, वर कमानीसारखी वळणं घेत गेलेली मखमलीची झालर, आणि पडदे बाजूला ओढून धरायला रेशमी दोर, दोरांच्या टोकांना मुठीएवढे गोंडे. एवढी मखमल त्यांनी दुकानातही एका ठिकाणी पाहिली नव्हती. मामंजी झालर लावेपर्यंत वहिनी एका गोंड्याकडे बघत बसल्या. घरी येताना म्हणाल्या, "मामंजी, हे पडदे कुणी केले?"

"माझ्याही आधी कुणीतरी. हात दिव्य असणार माणसाचा."

"मला करायचेत."

"झालर लावायला शीक आधी," मामंजी म्हणाले. पण खूश झाले होते, हे वन्संनी पुढे अनेकदा सांगितलं.

तर अशी वर्षं गेली आणि एके सकाळी जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. संग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या बाई आल्या होत्या. चष्मा डोक्यावर, हातात कापडी पिशवी, आणि एवढा जिना चढल्याने धाप लागलेली. त्यांनी पिशवीतून एक चिंधी काढून वहिनींच्या पुढ्यात ठेवली. डाळिंबी मखमल. कसरीने अशी खाल्ली होती की आरपार दिसत होतं.

वहिनींनी बोटही न लावता ओळखली. "दिवाणखाना."

"दिवाणखानाच," बाई म्हणाल्या. "हात लावला की पीठ होतंय पडद्यांचं. सगळे उतरवले. आता नवे करायचेत, जुन्यासारखे. आमच्या समितीतले काही जण म्हणतात, मोठ्या दुकानातून तयार पडदे आणा, लोकांना काय कळतंय. मी म्हटलं, आधी दोन खिडक्या हाताने करून बघू. दिवाणखाना उघडण्याआधी समिती येऊन बघेल. पसंत पडल्या तर बाकीच्या सगळ्या तुमच्या. नाही तर…"

"नाही तर तयार पडदे," वन्संनी वाक्य पुरं केलं. "कड्यांवरून सर्रकन सरकणारे. नळावरच्या बादलीसारखा आवाज करणारे."

बाई हसल्या. वहिनींना हसू आलंच नाही, कारण त्यांचं निम्मं लक्ष केव्हाच त्या दिवाणखान्यात जाऊन बसलं होतं. बाई जिना उतरल्या तशा त्यांनी दादांचा हात धरून त्यांना गरकन फिरवलं. त्या चिंचोळ्या वाटेत! दोघं अस्तरांच्या गठ्ठ्यावर आपटले.

"अगं, म्हातारपणी हाड मोडेल," दादा म्हणाले.

"मोडू दे. डाळिंबी मखमलीत बांधू."

मखमल विणून यायला वेळ लागला. आली ती मोठ्या लाकडी रुळावर गुंडाळून, दोन माणसांच्या खांद्यांवरून. पन्हा असा रुंद की खिडकीच्या एका अंगाला एक सलग पट्टा पुरेल, मध्ये जोड नको. वहिनींनी कोपरा उलगडून गालाला लावला. वन्सं म्हणाल्या, "पुरे, लग्न झालंय तुझं."

आता अडचण ही, की एवढे लांब पट्टे कापायचे कुठे? घरातलं टेबल तर न्हाणीघराच्या दारातच संपत होतं. शेवटी गल्लीच्या टोकाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सुट्टीच्या दिवशी सभागृह उघडून दिलं. फरशी धुऊन, पुसून, वर स्वच्छ चादरी अंथरून तिघं कामाला लागली. दोन खिडक्या, म्हणजे चार पट्टे.

पद्धत सोपी होती. दादा रूळ घेऊन फळ्याच्या भिंतीपाशी उभे राहायचे, तिथे कापडाचं टोक धरून वन्सं बसायच्या, आणि दादा रूळ लोटत दाराकडे जायचे. मखमल पालथी, म्हणजे लवेचं अंग खाली चादरीवर. वरून दिसते ती साधी पाठ. दाराशी पोचलं की वहिनी माप घालून कापायच्या आणि फळ्याच्या बाजूला खडूने फुली करायच्या. फुली म्हणजे पडद्याची वरची बाजू. मग कापलेला पट्टा अलगद गुंडाळून चादरीत बांधायचा, दादांनी रूळ उचलून पुन्हा फळ्यापाशी न्यायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

तीन पट्टे असे झाले. चौथ्याच्या वेळी दादा दारात रुळापाशी उभे होते आणि वहिनींचं तोंड चालूच होतं. त्यांच्या अंगात वारंच शिरलं होतं त्या दिवशी. दोर कसले करायचे, गोंड्यांत जर किती घालायची, कमानींना किती चुण्या पडतील, एक ना दोन. दादा म्हणाले, "हा रूळ उचलून उचलून कंबर गेली. आता इथूनच उलगडत तिकडे येतो की."

"या ना," वहिनी म्हणाल्या आणि गोंड्यांचं पुढे बोलू लागल्या.

दादा दाराकडून फळ्याकडे रूळ लोटत आले. वहिनींनी माप घातलं, फळ्यापाशी कापलं आणि सवयीने फळ्याच्याच बाजूला फुली केली.

झालं! रूळ उलट्या दिशेने आला, म्हणजे कापडाचं डोकं दाराशी आणि शेपूट फळ्याशी. पण फुली मात्र फळ्याशीच. मखमल पालथी, लव दिसत नाही, आणि जिचा हात अंधारातही लव ओळखायचा ती बाई गोंड्यांत रमलेली. गोंडे झकास होणार होते यात शंकाच नाही.

शिवण घरी झाली. खोलीत एका वेळी एकच पट्टा मावायचा. एकाला अस्तर लागलं की त्याला पुन्हा चादरीत गुंडाळून जिन्याखाली ठेवायचं आणि दुसरा काढायचा. चारही एकमेकांशेजारी असे कधी आलेच नाहीत. मखमल, मध्ये जाडसर मऊ कापड, मग अस्तर, अशी तीन पदरांची शिवण. वरच्या बाजूला भरपूर कापड आत दुमडून दाट चुण्या, कारण एवढं वजन पेलायचं तर डोकं मजबूत हवं. खालची दुमड मात्र वहिनी कधीच आधी पक्की करायच्या नाहीत. जड पडदा टांगला की आपल्या वजनाने थोडा लोंबतो, उतरतो. त्याला मनासारखं लोंबू द्यायचं आणि मगच खाली शिलाई घालायची. तोवर नुसता कच्चा टाका. दादा त्याला म्हणत, "पडद्याला घर बघू दे, मग नाव लिहू."

आणि मग तो दिवस उजाडला. हातगाडीवरून पडदे बंगल्यात गेले. दादांनी शिडी लावली, तिसऱ्या पायरीवर गेले आणि बंगल्याच्या पहारेकऱ्याला पडद्याच्या मागे लपलेल्या एका नवरदेवाची गोष्ट सुरू केली. पहिला पट्टा चढला. दुसरा चढला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या! भर दिवसाच्या उजेडात मखमल अशी हसत होती की पहारेकरी गोष्ट विसरून बघत राहिला. तिसरा चढला. चौथा चढला.

दादा वरून म्हणाले, "आणि नवरदेव काय म्हणतो…"

"अहो थांबा," वहिनी म्हणाल्या.

तीन पडदे डाळिंबी. चौथा काळपट. एकाच रुळावरची, एकाच दिवशी कापलेली मखमल, आणि शेजारी शेजारी टांगल्यावर अशी दिसत होती की तीन बहिणी माहेरी आल्यात आणि चौथी रुसून बसलीय.

वहिनी पुढे गेल्या. त्यांनी वरून खाली हात फिरवला. खरखरीत. बोटांमागे फिकट रेघ उमटली.

"उलटा," त्या म्हणाल्या. "लव वर."

"मांजर उलटं टांगलंय," वन्सं पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "मला शिवताना जरा खरखर लागत होती. पण मी म्हटलं, माझेच हात खरखरीत झाले असतील."

"वन्सं! बोलायचं नाही का?"

"मी म्हटलं, तू कापलंयस म्हणजे बरोबरच असणार. पुढच्या वेळी विश्वास ठेवणार नाही."

दादा शिडीवरच गोठले होते. हळूच म्हणाले, "तो इथूनच उलगडतो म्हटलं होतं ना मी… तोच का गं?"

"तोच," वहिनी म्हणाल्या. "आणि या ना म्हटलं होतं ती मीच." एवढं बोलून त्या खाली फरशीवर बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "समिती परवा संध्याकाळी येणार. पडदा बघतील, म्हणतील, साधा रंगही धड जुळवता येत नाही. घ्या तयार पडदे."

"रडतेस काय?" वन्संनी पदर खोचला. "एकच आहे. उतरवू, डोकं उसवू, उलटा करू. बाबा असते तर कात्री काढून घेतली असती तुझ्याकडून, पण बाबा नाहीत, मी आहे. दादा, उतरव रे तो."

दादांनी आकड्यांना हात घातला तेवढ्यात बाई आल्या. मागे वीजवाला. बाई म्हणाल्या, "झाले का लावून? मग जरा बाजूला व्हा बरं, झुंबरं बघायचीत. दिवाणखाना संध्याकाळीच उघडा ठेवणार आहोत आम्ही, जुन्या काळी असायचा तसा. तेव्हा इथे दिवसा कुणी यायचंच नाही. मैफल, जेवणं, पाहुणे, सगळं दिवे लागल्यावर." आणि त्यांनी खिडक्यांच्या लाकडी झडपा लावून घेतल्या. खोलीत अंधार झाला. वीजवाल्याने कळ दाबली.

झुंबरं पेटली. जुन्या दिव्यांसारखा मंद, पिवळा उजेड. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना तो कलंक बघायचाच नव्हता. पण कुणीच काही बोलेना. शिडीवरून दादासुद्धा बोलेनात. हे म्हणजे फारच झालं. म्हणून त्यांनी मान वर केली.

आणि त्या उभ्याच राहिल्या!

दिवसभर हसणारे तीन पडदे त्या उजेडात पांढुरके झाले होते, पाण्यात टाकून काढल्यासारखे. वरून येणारा झुंबराचा उजेड लवेवरून घसरून चालला होता. आणि चौथा? त्याने तो उजेड पिऊन टाकला होता. रंग आतून वर येत होता, गडद, गरम, डाळिंब फोडल्यावर आतला दाणा दिसतो तसा. चुण्यांच्या घडीत तर काळोखच होता, आणि चुण्यांच्या काठांवर मात्र निखाऱ्यासारखी रेघ. बघत राहावं, आणखी जवळ जावं, असं वाटायला लावणारा पडदा. पहिल्यांदा दिवाणखान्याच्या दारात थबकल्या होत्या तेव्हा त्यांना जे वाटलं होतं, त्याच्याही पलीकडचं काहीतरी.

"अगंबाई," बाई एवढंच म्हणाल्या.

वन्सं चौथ्या पडद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग तीन पडद्यांकडे गेल्या. मग पुन्हा चौथ्याकडे. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलका झाला होता. "वहिनी, बाबांनी हा दिवाणखाना दिवे लागल्यावर कधी पाहिलाच नाही गं. आपण कामाची माणसं. ऊन उतरायच्या आत बाहेर."

"तेच," वहिनी म्हणाल्या. "तेच म्हणते मी! मामंजींचं घरांसाठी बरोबर होतं. घरात दिवसा माणसं असतात. इथे…" त्यांनी दादांच्या शिडीचाच पाय धरून हलवला. "अहो, उतरवा! तिन्ही उतरवा!"

दादा वर डुगडुगले. "अगं, एक उलटा करायचा होता ना?"

"तो सरळ आहे. हे तीन उलटे आहेत."

"मगाशी तर…"

"मगाशी दिवस होता!"

दादांनी वरूनच हिशोब मांडायला घेतला. मखमल उसवली की सुईच्या खुणा राहतात. तीन डोकी उसवायची, तीन नवी करायची, आणि समिती परवा. चौथा उलटला तर आज संध्याकाळी मोकळे. चारही सारखे दिसतील, समितीला काही कळणार नाही, काम मिळून जाईल. आणि लव वर ठेवली तर धूळ बसणार, ती वेगळीच.

"धूळ झटकायला आमच्याकडे माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "मऊ ब्रशने खालून वर, रोज. ते माझ्यावर सोडा."

सगळे वहिनींकडे बघू लागले. काम हातचं जाऊ शकत होतं. आयुष्यभर पाळलेला नियम, मामंजींचा, मोडायचा होता, आणि तोही त्यांच्या लेकीसमोर. त्यांनी वन्संकडे बघितलं.

वन्संनी कमरेची कात्री काढून त्यांच्या हातात ठेवली. "बघतेस काय? उसव."

मग काय विचारता! दिवाणखान्याच्या मधोमध चादरी पसरल्या गेल्या. खालच्या बाजूला नुसता कच्चा टाका होता, तो सर्रकन निघाला. वहिनींच्या लोंबू देण्याच्या सवयीने वाचवलं. खालची दुमड पक्की असती तर वन्संनी पदर खोचून काही झालं नसतं. कसोटी होती ती वरच्या डोक्याची. चुणी न् चुणी, टाका न् टाका उसवायचा, आणि लवेला ओरखडा येऊ द्यायचा नाही. बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि त्याही खाली बसल्या. "मला काय करू ते सांगा."

"धागे वेचा," वन्सं म्हणाल्या. "आणि शिंक आली तर तोंड तिकडे."

पहारेकऱ्याने किटली आणून पाणी उकळत ठेवलं. सुईच्या खुणा असतील तिथे दादा किटलीची वाफ लांबूनच दाखवायचे आणि वहिनी मऊ ब्रशने लव उठवायच्या. पहिल्या पडद्याच्या खुणा विरघळल्यासारख्या गेल्या, तेव्हा सगळ्यांनी असा आरडाओरडा केला की वीजवाला झुंबर सोडून धावत आला. दुसऱ्याच्याही गेल्या. तिसऱ्याच्या काही केल्या जाईनात. वन्संनी तिथे टाके जरा जास्तच घट्ट घातले होते. "मेलं माझं घट्ट शिवणं!" त्या स्वतःलाच ओरडल्या. पण आता ते टोक खाली येणार होतं, आणि डोक्यासाठी दुमडलेलं भरपूर कापड तिथे मोकळं झालं होतं. वहिनींनी खुणांची रेघ नेमकी दुमडीच्या आत घेतली. एका बोटाच्या अंतराने वाचले.

दुसऱ्या दिवशी ते तिन्ही पुन्हा चढले, डोकं खाली आणि पाय वर. खाली पुन्हा कच्चा टाका, कारण लोंबायला वेळ मिळालाच नव्हता. वहिनींनी मखमलीची कमानदार झालर वर लावली, तीही लव वर करून. जरीचे गोंडे बांधले. दिवसाच्या उजेडात चारही पडदे अगदी काळपट, रुसलेले दिसत होते. वन्सं म्हणाल्या, "दिवसा कुणी आलं तर आपली धडगत नाही."

समिती ठरल्याप्रमाणे त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. वहिनी, वन्सं आणि दादा तिघंही कोपऱ्यात शिडीमागे उभे. शिडी होती तरी दादांचं तोंड बंद, इतकी धाकधूक. बाईंनी झडपा लावल्या, कळ दाबली.

समितीच्या अध्यक्षा म्हणजे एक उंच, करारी म्हाताऱ्या बाई. काठी टेकत त्या थेट पडद्यापाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. वहिनींना वाटलं, आता खाली बघणार, कच्चा टाका दिसणार. पण अध्यक्षाबाईंनी हात पुढे केला आणि पडद्यावरून वरून खाली असा सरळ ओढला. डाळिंबी मखमलीवर फिकट पंजा उमटला.

वहिनींना राहवेना. शिडीमागून त्या धावतच बाहेर आल्या. "तसं नाही! खालून वर!" आणि अध्यक्षाबाईंचा हात धरून त्यांनी तो स्वतःच खालून वर फिरवला. पंजा पुसून गेला. मखमल पुन्हा आपल्या काळोखात बुडाली.

वन्संनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षाबाईंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग काठी वहिनींच्या हातात दिली, आणि दोन्ही हातांनी, लहान मुलीसारख्या, खालून वर, खालून वर, पडदा कुरवाळू लागल्या. "अरे, बघा तरी," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. त्यासरशी समितीतली सगळी गंभीर मंडळी, तयार पडदेवाले धरून, रांग लावून मखमल कुरवाळू लागली. एकमेकांना शिकवत होती: खालून वर हं, खालून वर!

अध्यक्षाबाईंनी मागे वळून विचारलं, "बाकीच्या खिडक्या कधी?"

"मखमल विणून आली की," वहिनी म्हणाल्या. "आणि हे आधी लोंबू द्यायला हवेत. खाली अजून कच्चा टाका आहे. बघू नका."

"मला वाकता येत नाही," अध्यक्षाबाई म्हणाल्या.

बंगल्याबाहेर आल्यावर तिघांनाही काय करावं सुचेना. दादा रस्त्यावर जमिनीवर उभे राहून गोष्ट सांगू लागले, हे तर कधी घडलंच नव्हतं. वहिनी मागे वळल्या. "चला, बाहेरून कसं दिसतं ते बघू." पहारेकऱ्याला सांगून त्यांनी आपल्या दोन खिडक्यांच्या झडपा उघडून पडदे दोरांतून मोकळे करून घेतले, आणि तिघं फुटपाथवरून मान उंच करून बघायला लागली.

आत झुंबरं पेटलेली, उजेड काचेवर आलेला, आणि खिडकीभर, वरपासून खालपर्यंत, साधं सुती, मळखाऊ रंगाचं अस्तर.

वन्सं म्हणाल्या, "एवढी मखमल शिवली, आणि रस्त्याला अस्तर!"

वहिनींना असं हसू फुटलं की त्यांना कुंपणाला धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "वन्सं, टीप काय सरळ आलीय हो अस्तराची! इथून दिसतेय."

"मग? मी घातलीय," वन्सं म्हणाल्या, आणि पहारेकरी फाटक लावतोय तोवर तिघं पुन्हा आत गेली, आतल्या बाजूने बघायला.